कोलंबसला न दिसणारा सामना

ओहायो राज्यातल्या कोलंबस शहरात राहून ग्रीन बे पॅकर्स या अमेरिकन फुटबॉल संघावर जीव टाकणाऱ्या माणसाची दर रविवारी दुपारी पंचाईत होते. एक वाजता टीव्ही लावावा, तर समोर बहुधा क्लीव्हलँड ब्राउन्स, नाहीतर सिनसिनाटी बेंगल्स. पॅकर्सचा सामना त्याच वेळी, त्याच देशात चालू असतो. तिथे कॅमेरे असतात, समालोचकही असतात, पण कोलंबसच्या केंद्रावर तो लागत नाही. त्याच घटकेला कोल्हापुरात रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात. तिथला एखादा हौशी जेवण उरकून लॅपटॉप मांडीवर घेतो आणि त्या वेळी चालू असलेल्या सगळ्या सामन्यांची यादी त्याच्यापुढे उघडते. बोट ठेवाल तो सामना. जवळचा उपाशी आणि अर्ध्या पृथ्वीपलीकडचा तुपाशी, असा हा मामला आहे.

हा उलटा न्याय १९६१ पासूनचा आहे. त्या वर्षी अमेरिकी संसदेने एक कायदा करून क्रीडा लीगना आपल्या सर्व संघांचे प्रक्षेपणहक्क एकगठ्ठा विकायची मोकळीक दिली. एरवी मक्तेदारीविरोधी कायद्यापुढे असा व्यवहार टिकला नसता. अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा तेव्हाचा तरुण कमिशनर पीट रोझेल त्यासाठी खटपट करत होता. न्यूयॉर्कच्या श्रीमंत संघाला आणि ग्रीन बेसारख्या लहान गावच्या संघाला टीव्हीच्या पैशातला सारखा वाटा मिळावा, हा त्याचा हिशेब. तो साधलाही. पण रविवारी दुपारचे सामने प्रदेशवार वाटून दाखवण्याची रीत पक्की झाली. परगावच्या संघाचा सामना बघायचा, तर १९९४ पासून ‘संडे तिकीट’ नावाचे वेगळे आणि महागडे पॅकेज घ्यावे लागते. आधी ते डायरेक्टीव्हीच्या छत्रीवर मिळायचे, २०२३ पासून ते यूट्यूबकडे आहे. या महागाईविरुद्ध अमेरिकी ग्राहक कोर्टात गेले. जून २०२४ मध्ये लॉस एंजेलिसच्या ज्युरीने लीगविरुद्ध ४.७ अब्ज डॉलर भरपाईचा निकाल दिला आणि महिना-सव्वा महिन्यात न्यायाधीशांनी तो रद्दही केला. कोलंबसचा माणूस होता तिथेच राहिला. त्यात आता गुरुवारचा सामना ॲमेझॉनवर, नाताळचा नेटफ्लिक्सवर, सोमवारचा ईएसपीएनवर अशी विभागणी झाल्याने त्याच्या घरी वर्गण्यांची चळतच साठली आहे.

अमेरिकेबाहेर मात्र या खेळाला फार मोठी बोली लावणारे गिऱ्हाईक नव्हते. जिथे गिऱ्हाईक नाही तिथे माल हातचा राखून ठेवण्यात अर्थ नसतो. म्हणून लीगने परदेशासाठी ‘गेम पास’ नावाची एकच टोपली भरली: नियमित हंगामाचे २७२ सामने, त्यापुढचे बाद फेरीचे सामने आणि सुपर बोल, म्हणजे अंतिम सामना. २०२३ पासून ही टोपली डॅझोन या कंपनीच्या ॲपवरून विकली जाते, करार दहा वर्षांचा आहे. जिथे स्थानिक वाहिनीने काही सामने विकत घेतले आहेत, तिथे तेवढे यादीतून गळतात. भारतात असे काटछाट करणारे फारसे कोणी नसल्याने टोपली जवळजवळ भरलेलीच हाती येते.

पण आज एका बोटावर आलेली ही गोष्ट मिळवण्यासाठी परदेशातल्या बघ्यांनी काय काय उपद्व्याप केले, तो इतिहास खेळाइतकाच रंगतदार आहे.

त्याची सुरुवात सैनिकांपासून होते. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ मध्ये, अमेरिकी लष्कराने परमुलखातल्या जवानांसाठी स्वतःची प्रसारणसेवा काढली. आधी रेडिओ, मग पन्नाशीच्या दशकात टीव्ही. जर्मनीत, जपानात, कोरियात जिथे तळ पडले तिथे रविवारचा फुटबॉल पोचला. या सेवेची एक गंमत आहे. लीग आणि वाहिन्या लष्कराला कार्यक्रम जवळपास फुकट देत, पण जाहिराती दाखवायला परवानगी नव्हती. मग टचडाउननंतर, म्हणजे चेंडू गोलरेषेपार गेल्यावर, अमेरिकेतल्या घरांत बिअरची जाहिरात लागे, तेव्हा फ्रँकफर्टच्या बराकीत ‘गुप्त गोष्टी फोनवर बोलू नका’ किंवा ‘मतदानाचा अर्ज वेळेत भरा’ असल्या सूचना लागत. कैक जवानांना सामन्याचा निकाल आठवत नाही, सूचना पाठ आहेत.

हे प्रक्षेपण तळाच्या कुंपणापाशी थांबत नसे. सोलमध्ये लष्कराची वाहिनी १९९६ पर्यंत साध्या अँटेनावर दुसऱ्या क्रमांकावर लागायची. अमेरिका आणि कोरिया यांची रंगपद्धत एकच, त्यामुळे कोरियन घरांतही ती सहज दिसे. जर्मनीत तसे नव्हते. तिथे पाल पद्धत आणि लष्कराचे प्रक्षेपण एनटीएससी पद्धतीचे, त्यामुळे साध्या जर्मन संचावर ते धड लागत नसे. तरीही तळांच्या आसपासच्या पोरांना हा खेळ लागलाच. १९७७ मध्ये फ्रँकफर्टर लोवेन हा जर्मनीतला पहिला क्लब निघाला, त्यात पुढाकार एका अमेरिकी सैनिकाच्या मुलाचा होता. दोन वर्षांनी जर्मनीची स्वतःची लीग सुरू झाली आणि पहिले विजेतेपदही याच क्लबने नेले.

पाल आणि एनटीएससी ही भानगड आज कोणाला आठवत नाही, पण ऐंशीच्या दशकात तिने अनेकांचे हिरमोड केले. अमेरिकी चित्र सेकंदाला तीस, रेषा ५२५. भारत, ब्रिटन आणि जर्मनीचे चित्र सेकंदाला पंचवीस, रेषा ६२५. कॅसेट दिसायला तीच, खोकेही तेच. पण ह्यूस्टनच्या चुलतभावाने कौतुकाने रेकॉर्ड करून पाठवलेली कॅसेट पुण्यातल्या व्हीसीआरमध्ये घातली, की पडद्यावर नुसत्या सरकत्या पट्ट्या आणि खरखर. मग मल्टिसिस्टम व्हीसीआर असलेले घर शोधा. तेवढ्यात सामना तीन आठवडे शिळा झालेला. अमेरिकेहून कोणी आख्खा टीव्हीच उचलून आणला, तर त्याला ११० व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर लावण्यापासून तयारी.

या खेळाला परदेशात खऱ्या अर्थाने घर मिळाले ते ब्रिटनमध्ये, आणि तेही अडनिड्या मुहूर्तावर. चॅनल फोर ही नवी वाहिनी नोव्हेंबर १९८२ मध्ये सुरू झाली. तिला वेगळे, तरुण आणि स्वस्त असे काहीतरी हवे होते. अमेरिकन फुटबॉल तिन्ही कसोट्यांना उतरत होता, फक्त त्या वेळी अमेरिकेत खेळाडू संपावर होते. सत्तावन्न दिवस एकही सामना झाला नाही. पण संप मिटला, आणि जानेवारी १९८३ च्या अखेरीस वॉशिंग्टनने मायामीला हरवले तो सुपर बोल ब्रिटिश प्रेक्षकांनी थेट पाहिला. एरवी दर रविवारी संध्याकाळी संकलित सामना लागायचा. त्यावर रॉक संगीताचा साज, झटपट कापलेली दृश्ये आणि नियम समजावून सांगणारा निवेदक. समोरच्याला काही ठाऊक नाही हे गृहीत धरायचे, पण त्याला मूर्ख समजायचे नाही, हे त्या कार्यक्रमाला चांगले साधले होते.

नियम समजावणे गरजेचेच होते. पहिल्यांदा पाहणाऱ्याला हा खेळ म्हणजे मध्येच थांबणारी मारामारी वाटते. खरे तर कबड्डीची सवय असलेल्या मराठी माणसाला तो लवकर उमगावा. एक बाजू चढाई करणार, दुसरी पकड करणार. फरक एवढाच, की चढाईवाल्यांना दहा यार्ड पुढे सरकायला चार प्रयत्न मिळतात. दहा यार्ड झाले की पुन्हा नवे चार प्रयत्न, नाही झाले की चेंडू समोरच्यांकडे. शंभर यार्डांचे मैदान असे तुकड्या-तुकड्यांनी जिंकायचे. घोळ इतकाच की त्या क्षणी दहा यार्डांची हद्द कुठे आहे ते टीव्हीवर कळायचे नाही. मैदानाच्या कडेला दोन माणसे साखळी धरून उभी असतात, ती दिसली तर दिसली. हा प्रश्न २७ सप्टेंबर १९९८ ला सुटला. त्या रात्री ईएसपीएनच्या पडद्यावर गवतावर आखल्यासारखी एक पिवळी रेघ उमटली. ती संगणकाने काढलेली होती आणि खेळाडू तिच्यावरून धावले की ती त्यांच्या बुटाखाली जायची, अंगावर नाही. मैदानात बसलेल्याला ती रेघ कधीच दिसत नाही. टीव्हीपुढच्या परदेशी नवशिक्याला जणू पुस्तकातल्या महत्त्वाच्या ओळीखाली कोणी रेघ ओढून दिली. या खेळाच्या परदेशप्रवासाला याहून मोठी मदत कोणा खेळाडूने केली असेल असे वाटत नाही.

अर्थात ब्रिटनमध्ये एका खेळाडूने हातभार लावलाच. शिकागो बेअर्सचा विल्यम पेरी, टोपणनाव ‘रेफ्रिजरेटर’. जानेवारी १९८६ च्या सुपर बोलमध्ये बेअर्सनी न्यू इंग्लंडला ४६–१० असे चिरडले आणि त्या अवाढव्य माणसाने एक टचडाउनही केला. ब्रिटिश शाळांत फ्रिजच्या नावाच्या जर्सी दिसू लागल्या. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बेअर्स आणि डॅलस काउबॉइज वेम्बलीला मैत्रीपूर्ण सामना खेळले, तेव्हा ८२,६९९ माणसे आली. ज्या खेळाचा एकही स्थानिक व्यावसायिक संघ नाही, त्याच्या सरावसामन्याला एवढी गर्दी. टीव्हीने आधी नांगरून ठेवलेले ते शेत होते.

आता घड्याळाकडे वळायला हवे. परदेशातून हा खेळ पाहण्याचा निम्माअधिक प्रश्न वाहिनीचा नसून घड्याळाचा आहे. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर रविवारी दुपारी एक वाजता पहिल्या सामन्यांचा किकऑफ होतो. तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे सहा आणि बर्लिनमध्ये सात वाजलेले असतात. सुट्टीची संध्याकाळ, हातात ग्लास, पुढ्यात टीव्ही. मेक्सिको आणि ब्राझीलला तर दिवसाउजेडीच. तोक्योत मात्र तेव्हा रात्रीचे दोन-तीन आणि सिडनीत पहाटेचे चार-पाच वाजलेले असतात. नकाशावर या खेळाचे परदेशी बालेकिल्ले पाहिले, तर ते बहुतेक तिथेच दिसतात जिथे तो जागेपणी बघता येतो. लीगचे अधिकारी संस्कृती, गुंतवणूक, बाजारपेठ असे मोठे शब्द वापरतात. पण खरा विक्रेता पृथ्वीचे फिरणे आहे.

जर्मनीचे उदाहरण घ्या. २०१५ मध्ये तिथल्या प्रोझीबेन गटाच्या फुकट दिसणाऱ्या वाहिन्यांवर रविवारी संध्याकाळी सामने लागू लागले. समालोचनाला पॅट्रिक एझुमेसारखा स्वतः प्रशिक्षक असलेला माणूस होता. बाजूला एक जण सतत प्रेक्षकांचे संदेश वाचून दाखवायचा, चेष्टामस्करी चालायची. घरबसल्या मित्रांच्या कट्ट्यावर बसल्यासारखे वाटावे, असा तो बेत. सात वर्षांनी, १३ नोव्हेंबर २०२२ ला, म्युनिकला पहिला नियमित सामना झाला तेव्हा तिकिटांसाठी सुमारे तीस लाख मागण्या आल्याचे लीगच्या जर्मन कार्यालयाने सांगितले. सामना संपत आला असताना आख्खे स्टेडियम ‘टेक मी होम, कंट्री रोड्स’ हे अमेरिकन गाणे एका सुरात गात होते. जे लोक कधी वेस्ट व्हर्जिनियाला गेले नसतील, ते वेस्ट व्हर्जिनियाला घरी पोचवा म्हणत होते. कित्येक रविवारच्या संध्याकाळी दिवाणखान्यात जमलेली ओळख त्या दिवशी मैदानात उतरली होती.

भारताच्या वाट्याला मधलीच वेळ आली आहे. ना धड संध्याकाळ ना धड पहाट. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये पहिला सामना रविवारी रात्री साडेदहाला, दुसरा मध्यरात्री दोनच्या सुमारास, आणि रविवार रात्रीचा म्हणून मिरवणारा मोठा सामना इथे सोमवारी सकाळी पावणेसहाच्या पुढे. दूधवाला, पेपरवाला आणि क्वार्टरबॅक एकाच वेळी दारात. सुपर बोल तर अगदी ठरलेला, सोमवारी पहाटे पाचला. पुण्याच्या बाणेर-बालेवाडीत किंवा ठाण्यात अमेरिकेत आठ-दहा वर्षे काढून परतलेली जी घरे आहेत, तिथे फेब्रुवारीतला हा एक सोमवार रजेच्या अर्जात आधीच नोंदवलेला असतो. टीव्हीचा आवाज बंद, कारण आतल्या खोलीत मुले झोपलेली. पहिला टचडाउन झाला की ओरडणेही आवंढा गिळून. मध्यंतराच्या गाण्याच्या कार्यक्रमापर्यंत सकाळचे साडेसहा वाजतात, मुलांची शाळेची बस यायची वेळ होते, आणि शेवटचा, सगळ्यात चुरशीचा पाव भाग डबा भरता भरता फोनवर बघावा लागतो.

ज्यांना जागरण झेपत नाही त्यांच्यासाठी गेम पासमध्ये एक खाशी सोय आहे. २०१० मध्ये वॉल स्ट्रीट जर्नलने घड्याळ लावून मोजले होते, की तीन तासांच्या प्रक्षेपणात चेंडू प्रत्यक्ष खेळात असतो तो साधारण अकरा मिनिटे. बाकी वेळ घोळक्यात मसलती, पुन्हा दाखवलेली दृश्ये, आणि सुमारे तासभर जाहिराती. हे सगळे काढून टाकून चाळीस मिनिटांत बसवलेला सामना काही तासांत ॲपवर येतो. एकामागून एक खेळी, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही. मुंबईच्या लोकलमध्ये बोरिवली ते चर्चगेट जाताना आख्खा सामना आटोपतो. शर्त एकच, की तोवर निकाल कानावर पडू द्यायचा नाही. ॲपमध्ये गुण झाकून ठेवता येतात, पण न्यू जर्सीच्या मावसभावाचा व्हॉट्सॲप झाकता येत नाही. हौशी मंडळी सोमवारी दुपारपर्यंत कुटुंबाचा गट म्यूट करून ठेवतात, आणि घरात कोणी आजारी असेल तरी संध्याकाळी कळते.

चाळीस मिनिटांच्या सामन्यात नाट्य हरवते, हे मात्र खरे. शेवटच्या दोन मिनिटांत घड्याळ थांबवत, टाइमआउट जपून वापरत जी रस्सीखेच चालते, ती या खेळाचा आत्मा आहे. मधल्या थांब्यांशिवाय ती समजत नाही. त्यापेक्षा वेगळी चैन हवी असेल तर ‘रेडझोन’. २००९ मध्ये सुरू झालेली ही वाहिनी रविवार दुपारचे सगळे सामने एकदम चालवते आणि जिथे कोणी गोलरेषेजवळ पोचला असेल तिथे उडी मारते. निवेदक स्कॉट हॅन्सन सात तास जागचा हलत नाही. भारतातून बघायचे तर रात्री साडेदहा ते पहाटे साडेपाच. तरुण बघ्यांना हेच आवडते, जुन्यांना ते म्हणजे नुसती फोडणी खाण्यासारखे वाटते. आणि ज्याला खेळ खरोखर शिकायचा आहे, त्याच्यासाठी उंचावरून बाविसच्या बावीस खेळाडू दाखवणारी प्रशिक्षकांची चित्रफीत असते. २०१२ पर्यंत ती संघांच्या कुलूपबंद खोल्यांतच राहायची. क्वार्टरबॅकने चेंडू तिकडेच का फेकला, हे नेहमीच्या प्रक्षेपणात दिसत नाही, इथे दिसते.

गेम पासच्या आधी परदेशातल्या अमेरिकेकरांचा मोठा आधार होता तो एका ओबडधोबड डब्याचा. सॅन फ्रान्सिस्कोचे ब्लेक आणि जेसन क्रिकोरियन हे भाऊ बेसबॉलवेडे होते, पण कामामुळे सतत प्रवासात. आपल्या संघाचे सामने घरच्या टीव्हीवर लागतात आणि आपण हॉटेलात बसून राहतो, या वैतागातून त्यांनी २००५ मध्ये ‘स्लिंगबॉक्स’ बाजारात आणला. डबा घरच्या केबलला जोडायचा, तो तेच चित्र इंटरनेटवरून जगात कुठेही मालकापर्यंत पोचवायचा. दुबईत, सिंगापुरात, पुण्यात बसलेला माणूस न्यू जर्सीतल्या बहिणीच्या दिवाणखान्यातला टीव्ही बघत असे. फक्त बहिणीला त्या वेळी सिनेमा बघायचा असला की चॅनल आपोआप बदलू लागे आणि अटलांटिकपल्याड फोन वाजे. ९ नोव्हेंबर २०२२ ला कंपनीने सर्व्हर बंद केले आणि जगभरचे डबे एका दिवशी निव्वळ डबे झाले.

आज तेच काम पुष्कळ जण व्हीपीएनने करू बघतात. म्हणजे संगणकाला अमेरिकेत असल्याचे सोंग आणायला लावायचे आणि अमेरिकी सेवा उघडायच्या. त्यात अडचणी दोन. अमेरिकी पत्त्याचे कार्ड लागते, आणि बहुतेक सेवांच्या अटींत हे बसत नाही, कळले तर खाते बंद. भारतात त्याला आणखी एक फाटा फुटला. एप्रिल २०२२ मध्ये केंद्र सरकारच्या सर्ट-इन या यंत्रणेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची नोंद पाच वर्षे ठेवायला सांगितले, तेव्हा काही मोठ्या कंपन्यांनी आपले सर्व्हर भारतातून हलवले. खरे तर बाहेरच्या माणसाला अमेरिकेत असल्याचे सोंग आणायचे कारणच उरलेले नाही. सोंग आणावेसे वाटेल ते कोलंबसच्या माणसाला, कोल्हापुरात असल्याचे.

एक गोष्ट मात्र परदेशातून मिळत नाही: सुपर बोलच्या जाहिराती. अमेरिकेत त्या पाहण्यासाठीच पुष्कळ लोक टीव्हीपुढे बसतात. यावरून कॅनडात तर सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढाई झाली. तिथे १९७० च्या दशकापासून असा नियम होता, की एकच कार्यक्रम अमेरिकी आणि कॅनेडियन वाहिनीवर एकाच वेळी चालू असेल, तर केबलवाल्याने अमेरिकी वाहिनीच्या जागीही कॅनेडियन वाहिनीच दाखवायची, जाहिरातींसकट. स्थानिक वाहिन्या जगाव्यात हा हेतू. लोक वैतागत. टोरंटोत काही जण गच्चीवर अँटेना लावून तळ्यापलीकडच्या बफेलोचे केंद्र पकडत, केवळ जाहिरातींसाठी. अखेर नियामक मंडळाने २०१७ पासून फक्त सुपर बोलपुरती ही अदलाबदल बंद केली. प्रेक्षक खुश, पण कॅनेडियन वाहिनीचा प्रेक्षकवर्ग पहिल्याच वर्षी तिसऱ्या हिश्श्याहून जास्त घटला. वाहिनीची मालक बेल कंपनी आणि एनएफएल दोघेही कोर्टात गेले. डिसेंबर २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, की एकाच कार्यक्रमाबाबत असा हुकूम काढायचा अधिकार मंडळाला नाही. तीन वर्षांची चैन संपली आणि २०२० च्या सुपर बोलला कॅनडात पुन्हा कॅनेडियन जाहिराती लागल्या. बघ्यांच्या मताला कोणी विचारले नाही.

अलीकडे लीगची चाल बदलते आहे. परदेशी बघ्याला रात्री जागवण्यापेक्षा सामनाच त्याच्या वेळेला न्यावा, असा विचार आहे. २ ऑक्टोबर २००५ ला मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर १,०३,४६७ लोकांपुढे परदेशातला पहिला नियमित सामना झाला. २००७ पासून लंडन, मग म्युनिक, फ्रँकफर्ट, साओ पाउलो. २०२५ मध्ये डब्लिन, बर्लिन आणि माद्रिदही यादीत आले. लंडनच्या टॉटनहॅम स्टेडियमचे गवत तीन तुकड्यांत प्रेक्षकांच्या सज्जाखाली सरकते आणि खाली अमेरिकन फुटबॉलसाठी कृत्रिम हिरवळ तयार असते. ५ सप्टेंबर २०२५ चा साओ पाउलोचा सामना तर यूट्यूबवर फुकट दाखवला, वर्गणी नाही की सोंग नाही. युरोपातल्या सामन्यांचा किकऑफ न्यूयॉर्कच्या सकाळी साडेनऊला असतो. तेव्हा महाराष्ट्रात संध्याकाळचे सात-आठ वाजलेले असतात. दिवेलागणीला, वरण-भाताआधी, थेट अमेरिकन फुटबॉल. अशा मोजक्याच संध्याकाळी वर्षाला येतात, पण नवशिक्याने सुरुवात करायची तर याच.

महाराष्ट्राचे नाव या खेळात एकदा आले होते. २०१२ मध्ये माइक डिट्का आणि कर्ट वॉर्नर अशा नामांकित अमेरिकनांच्या पाठबळावर एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया निघाली. संघांत पुणे मराठाज आणि मुंबई ग्लॅडिएटर्स होते. पण पहिल्या हंगामाचे सामने पुण्यात झाले नाहीत की मुंबईत. ते कोलंबोत खेळवून चित्रित केले आणि मग टीव्हीवर दाखवले. विजेतेपद पुणे मराठाजनी मिळवले, आणि पुण्यात कोणाला पत्ता नव्हता. गावचा संघ, खेळ परदेशात, आणि घरचे लोक पडद्यावर बघणार, तेही रेकॉर्ड केलेले. कोलंबसच्या माणसाला हे ऐकून बरे वाटले असते.

दुसरी गोष्ट अधिक टिकेल असे दिसते. ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे अधिवेशन मुंबईत भरले होते. तिथे २०२८ च्या लॉस एंजेलिस खेळांत क्रिकेट घ्यायचे ठरले, ही बातमी इथल्या पेपरांनी पहिल्या पानावर छापली. त्याच ठरावात फ्लॅग फुटबॉलही होता. पाच-पाच जणांचा, अंगावर उडी न घेता कमरेची पट्टी ओढून गडी अडवायचा हा खेळ. मे २०२५ मध्ये एनएफएलच्या क्लबमालकांनी आपल्या खेळाडूंना त्यात उतरायची मुभाही दिली.

तोवर कोल्हापूरच्या हौशी माणसाला एकच गोष्ट लक्षात ठेवायची आहे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेत घड्याळे तासभर मागे जातात. भारतात कोणी घड्याळाला हात लावत नाही, तरी त्या रात्री साडेदहाला लॅपटॉप उघडून बसलेल्याला पडद्यावर फक्त स्टुडिओतली मंडळी गप्पा मारताना दिसतात. किकऑफ साडेअकराला. तेवढ्या वेळात आणखी एक चहा होतो.